आत्या, नऊ वर्षांची भाची आणि एकच दिवस : मगर दाखवू की देऊळ?

पाणवठा

नमस्कार मंडळी. लग्न होऊन गोव्यात फोंड्याला आले त्याला आता अकरा वर्षं होतील. वसंत पंचमीला माझ्या धाकट्या दिराचं लग्न आहे. त्यासाठी सांगलीहून माझा भाऊ, वहिनी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि आमची आत्या येणार आहेत. आत्या ७१ वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. मंडळी मंगळवारी रात्री पोचतील. गुरुवारपासून घर पाहुण्यांनी भरणार, म्हणजे हातात फक्त बुधवार.

भाचीने वहीत यादी केली आहे. पहिली मगर, दुसरा धनेश, तिसरं शेकरू. आत्याला मंगेशी आणि शांतादुर्गा. समुद्रावर जायचं कुणाच्याच मनात नाही.

एका टूरवाल्याकडे चौकशी केली. "निसर्ग आणि संस्कृती, एक दिवस" अशी सहल आहे त्यांची. सकाळी मसाल्याची बाग, तिथेच जेवण, मग दोन देवळं, जुन्या गोव्याची चर्च, मगरींची बोट आणि संध्याकाळी पणजी. ऐकूनच दमले. घाईघाईत सगळं उरकलं तर पोरीच्या वहीत टिकमार्क होतील, डोक्यात काही राहणार नाही असं वाटतं. घरचे मात्र म्हणतात, माणसं एवढ्या लांबून येणार तर सगळं दाखवायला हवं.

कुणी अशी सहल केली आहे का? आणि पक्षीही ओळखणारा आणि देवळाबद्दलही चार शब्द धड सांगणारा गाईड कुठे मिळतो का?

गिरणगाव

केली आहे, दोन वर्षांपूर्वी. नाव लिहीत नाही. बसमध्ये आम्ही बावीस जण. मसाल्याच्या बागेत वेलचीचं रोप दाखवून होतंय तोवर मागचा गट येऊन उभा. बोटीत तर मला रडू यायचं बाकी होतं. बोटवाल्याने काठीला कोंबडीचा तुकडा बांधून पाण्यावर हलवला. मगर आली, सगळ्यांनी फोटो काढले, बोट वळली. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याने विचारलं, "बाबा, ती रोज इथे जेवायला येते का?" मला उत्तर देता आलं नाही. रानातल्या जनावराला माणसाच्या हाताची सवय लावायची आणि एक दिवस त्याने माणसावर झडप घातली की त्यालाच दोषी ठरवायचं, हे मला सहन होत नाही.

तुम्ही जी बोट घ्याल, त्यांना आधी हे विचाराच.

चकली

एक शंका. भाची तुम्हाला आत्या म्हणणार, तुम्ही तुमच्या आत्याला आत्या म्हणणार. बोटीत "आत्या, ती बघ मगर" असं कुणी ओरडलं तर दोघी एकदम वळणार आणि बोट कलणार. बसायची जागा आधी ठरवून घ्या!

पाणवठा

@चकली, आमच्या घरात ती "मोठी आत्या" आणि मी "फोंडाआत्या". 😀

@गिरणगाव, बरं झालं लिहिलंत. हे विचारायचं मला सुचलं नसतं.

निळा_खंड्या

प्राणी-पक्षी बघायचे असतील तर तो दिवस पूर्ण त्यालाच द्या. देवळं पुढच्या खेपेला. पहाटे सहाला चोडणला, म्हणजे रायबंदरहून फेरीने. पलीकडे उतरलं की लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १९८८ सालचं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. छोट्या होडीने आत गेलं की खंड्याच्या तीन-चार जाती, बगळे, ब्राह्मणी घार, नशीब असेल तर पाणमांजरांचं कुटुंब. तिथून करमळीचं तळं. ते कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनच्या अगदी जवळ आहे. हिवाळ्यात बदकं असतात. दुपारी बोंडला.

देवळं कुठे पळून जात नाहीत. पाहुणे पक्षी जातात.

सुमन_कुडाळ

खंड्याभाऊ, ७१ वर्षांच्या बाईला पहाटे सहाला फेरीत, मग होडीत, मग तळ्यावर, मग बोंडल्याला? मी ६८ची आहे, म्हणून सांगते. वयस्क माणसाला दोन तासांत एकदा स्वच्छ बाथरूम लागतं, पाठ टेकायला खुर्ची लागते आणि वेळेवर जेवण लागतं. ठरवलेल्या सहलींना सगळे नावं ठेवतात, पण त्या ही व्यवस्था करतात. मी माझ्या भिशीच्या नऊ बायकांबरोबर अशाच बसने गेले होते. आम्हाला मजा आली. बागेत स्वागताला हार घातले, जेवण केळीच्या पानावर होतं, आणि शेवटी पाठीवर गार पाण्याची धार सोडली तेव्हा आम्ही शाळेतल्या मुलींसारख्या किंचाळलो. त्यात वाईट काय झालं?

निळा_खंड्या

सुमनताई, चुकलो. आत्याचा विचार केला नव्हता. आणि बोंडल्याबद्दल दुरुस्ती : आठ चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य लहान मुलांना छान आहे, पण तिथे प्राणिसंग्रहालयही आहे. पिंजऱ्यातलं शेकरू वहीत लिहायचं की नाही, हे भाचीने ठरवावं. (गुरुवारी बंद असतं, तुमचा वार बुधवार आहे म्हणून चालेल.)

साखळीकर

फोंड्याच्या आसपासच का घुटमळता? सत्तरी तालुक्यात या. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर आहे, आणि त्याच्या अंगाखांद्यावर गावं आहेत. नानोड्याजवळ बांबरला निरंकाराची राई आहे. देवराई आणि गोड्या पाण्याची दलदल एकाच ठिकाणी. तिथली रानजायफळाची झाडं चिखलात श्वास घेता यावा म्हणून मुळं गुडघ्यासारखी वर काढतात. ती राई टिकली ती देवाच्या भयाने आणि मायेने. वनखातं फार नंतर आलं.

आणि एक मनातलं सांगतो. जानेवारी २०२० मध्ये आमच्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषाने. त्या आठवड्यात सत्तरीत कुणाच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. गुरं जातात तेव्हा धनगराच्या घरी काय होतं हेही आम्ही पाहिलं आहे. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. कुठलाही निकाल लागो, रानाशेजारच्या माणसाच्या हातात रानामुळे चार पैसे पडले पाहिजेत. म्हणून म्हणतो, गाईड घ्याल तो त्या गावचा घ्या. मोठ्या शहरातून गाडी घेऊन आलेला नको.

कॅमेरा_खांद्यावर

तांबडी सुर्ला सुचवतो. महादेवाचं देऊळ, कदंबकाळातलं, १२व्या-१३व्या शतकातलं. आपल्याकडे दगड म्हणजे चिरा, पण हे देऊळ काळ्या दगडाचं आहे. तो घाटावरून उतरवून आणला असं मानतात. देवळामागे नदी, भोवती मोलेचं रान. आत्याला देव, भाचीला पक्षी, एकाच जागी. मला तिथे कर्णा पक्षी मिळाला, नर, पोट लालभडक. फोनवर आवाज लावला तर पाच मिनिटांत समोरच्या फांदीवर आला.

वाटाड्या

कॅमेरासाहेब, राग मानू नका. मी मोलेच्या बाजूचा, चौदा वर्षं लोकांना रान दाखवतो. पक्षी फोनवरच्या आवाजाला येतो ते आनंदाने येत नाही. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. घरटं सोडून, चारा सोडून भांडायला येतो. एका रविवारी त्याच झाडाखाली सात गट सात वेळा तोच आवाज लावतात. दोन हंगामांपूर्वी आमच्या वाटेवर कर्ण्याची एक जोडी होती. आता ती तिथे दिसत नाही. का गेली ते छातीठोक सांगता येणार नाही, पण मी आवाज लावणं सोडलं ते तेव्हाच.

बेडूकतोंड्या पक्ष्याचंही तेच. दिवसा वाळक्या पानासारखा बसलेला असतो, जोडीने, अंगाला अंग लावून. डोळ्यावर टॉर्च मारायची गरज नाही. आमचा माणूस जागा ओळखतो, दहा पावलांवरून दाखवतो, तिथून मागे फिरायचं.

कॅमेरा_खांद्यावर

राग नाही आला. खरं सांगायचं तर लाज वाटली. आम्हाला तिथे नेणाऱ्यानेच फोन काढला होता, मला वाटलं हीच रीत असेल. पुढच्या वेळी नाही.

भरती_सुकती

हा धागा दोन दिवस वाचतोय. आता राहवत नाही. मी दुर्भाटचा. शाळेत शिकवतो, घरची खाजन, म्हणजे खाडीकाठची, शेती आहे, आणि वडील पंचवीस वर्षं मानशीवर, म्हणजे बांधाच्या दारांवर, होते.

तुम्ही सगळे जागा सांगताय. पाण्याची वेळ कुणीच विचारत नाही. नदीत सगळं भरती-सुकतीवर चालतं. चोडणच्या खारफुटीत होडी आत जायची तर भरती हवी, नाहीतर चिखलात अडकाल. मगर बघायची तर उलट, सुकती हवी. पाणी उतरलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि थंडीच्या दिवसांत सकाळच्या उन्हाला मगर अंग शेकायला वर येते. म्हणजे चोडणची होडी आणि कुंभारजुव्याची मगर एकाच सकाळी जमत नाही. टूरवाला दोन्ही दाखवतो म्हणाला, तर दोन्हींतलं एक अर्धवट.

आता हिशोब. लग्न पंचमीला शुक्रवारी, म्हणजे तुमचा बुधवार तृतीया. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला सुकती. आत खाडीत पाणी थोडं मागे चालतं, तिथे नऊ-सव्वानऊ धरा. मगरीसाठी याहून चांगली वेळ मिळणार नाही. ऊनही कोवळं असेल. हे ढोबळ आहे, आदल्या दिवशी बोटवाल्याला विचारून घ्या.

कुंभारजुव्याची खाडी सुमारे १५ किलोमीटर. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडते. आपली साधी गोड्या पाण्यातली मगर इथे खाऱ्या पाण्यात राहते, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला ती शेजारीण आहे.

पाणवठा

भरती_सुकती सर, हा हिशोब मी यजमानांना वाचून दाखवला. ते फोंड्यातच जन्मलेले, पण पाऊणपटीचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंना होतं! त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मग, आम्ही तिसऱ्यो काढायला कशा जायचो?"

एक विचारते. "शेजारीण" म्हणालात. भीती नाही वाटत?

भरती_सुकती

वाटते तर. म्हणून तर तिची पूजा करतो.

पौष अमावास्येला आमच्याकडे मांगे थापणी असते. शेताच्या बांधावर चिखलाची मगर करायची. पुरुषभर लांब, कधी जास्त. चिखल खाडीचाच, खाली गवताचा पेंढा. खवल्यांच्या जागी तिसऱ्यांच्या शिंपल्या एकीशेजारी एक दाबायच्या, दातांना काटक्या. आमच्या घरी त्या मगरीत अंडं ठेवतात. मग हळद-कुंकू, फुलं, नैवेद्य. मागणं एवढंच, की बांध राख, माणसागुरांच्या वाटेला जाऊ नको. लहानपणी शिंपल्या लावायचं काम आम्हा मुलांचं. हात दिवसभर गार आणि चिखलाचा वास रात्रीपर्यंत.

का, ते कळायला खाजन समजलं पाहिजे. नदीच्या पातळीला, कधी तिच्याही खाली, ही शेतं. मध्ये मातीचा बांध. बांधात मानस, म्हणजे लाकडी फळ्यांची दारं. भरतीचं पाणी दार दाबून बंद करतं, सुकतीला आतलं पाणी ते उघडून बाहेर जातं. माणूस फक्त नजर ठेवतो. पावसाने मीठ धुऊन निघतं आणि कोरगुट पिकतो. तो खार सोसणारा भात. कापणीनंतर पाणी आत घेतात, मासळी होते. बांध एका जागी फुटला तर एका रात्रीत सगळ्या गावाचं शेत खारं होतं. वडील पावसाळ्यात रात्री दोनला उठून कंदील घेऊन मानशीवर जायचे. त्या अंधारात, त्या पाण्यात मगरीही असायच्या. पूजा त्यातून आली.

म्हणून मला "निसर्ग आणि संस्कृती" ही अशी दोन नावं जोडलेली सहल पटत नाही. आमच्या बांधावर उभं राहिलं की निसर्ग कुठला आणि संस्कृती कुठली, हे मला तरी दाखवता येणार नाही.

गिरणगाव

सर, हे वाचून गप्प बसलो. माझ्या मुलाला आज रात्री वाचून दाखवणार.

सुमन_कुडाळ

फार सुंदर लिहिलंत. तरी माझा प्रश्न राहतोच. त्या बांधावर खुर्ची आणि बाथरूम?

भरती_सुकती

ताई, रास्त प्रश्न. बांधावर काही नाही. पण धक्क्यापासून आमचं घर जवळ आहे, तिथे दोन्ही आहे. आत्याबाईंना चहाही मिळेल.

तिरफळ

मी सावईची. कुळागराबद्दल थोडं. सुमनताईंना मजा आली त्यात वाईट काहीच नाही, पण तिथलं दाखवायचं नेमकं राहून जातं. कुळागर म्हणजे रांगेत लावलेली मसाल्याची झाडं नव्हेत. डोंगराचा झरा पाटाने फिरवून आणलेला असतो. सगळ्यांत वर माड आणि पोफळी, त्यांच्या अंगावर मिरवेल, सावलीत जायफळ, केळी, खाली आलं-हळद, कडेला भिरंड. एका पाण्यावर चार मजले जगतात. पोफळीवर चढणारा माणूस सुपारी काढून झाली की खाली उतरत नाही. शेंडा हलवून शेजारच्या पोफळीवर जातो. ते बघताना आमचे पाहुणे श्वास धरतात, आणि मला अजूनही भीती वाटते, कारण तो आमचाच माणूस असतो.

जायफळ पिकून फुटतं तेव्हा आत लाल जाळी असते, ती जायपत्री. ताजी असताना इतकी लाल असते की मुलांना रंगवलेली वाटते. भाचीच्या हातात द्या.

हत्तीवर बसवतो असं कुठे म्हणाले तर नको म्हणा. आमच्या कुळागरात हत्तीचं काही काम नाही. त्याला फक्त फोटोसाठी उन्हात उभं करतात.

चकली

तिरफळ हे नाव घेतल्यापासून मला बांगड्याचं हुमण दिसायला लागलं आहे. 😋

तिरफळ

आत्या शाकाहारी असतील तर खतखतें. तूरडाळ, पाच-सहा भाज्या, खोबरं, आणि वरून ठेचलेली तिरफळं. बरोबर उकड्या तांदळाचं शीत आणि सोलकढी. तिरफळाची बी चावायची नाही, साल तेवढी. जीभ मुंग्या आल्यासारखी झिणझिणते. मुलं एकदा घाबरतात, मग पुन्हा मागतात.

नागेशी_१९

देवळांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मंगेशी आणि शांतादुर्गा या आत्याबाईंच्या दोन्ही इच्छा नदीशी जोडलेल्या आहेत. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. १५६०च्या सुमाराला देवळांवर संकट आलं तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे प्रियोळला आणलं. शांतादुर्गा मूळची केळशीची, तीही कवळ्याला आली. तेव्हा फोंडा पोर्तुगीजांकडे नव्हता, म्हणून देव इकडे सुरक्षित राहिले. मधलं पाणी जुवारीचं. सकाळी जुवारीच्या काठावर मगर बघितली आणि दुपारी देवीसमोर उभ्या राहिल्या, तर आत्याबाईंना सांगा, देवी हेच पाणी ओलांडून आली. चोडणचंही तसंच. माशेलला देवकीकृष्ण आहे, देवकीबरोबर बाळकृष्ण, तो मूळचा चोडणचा. निळा_खंड्या, तुम्ही पक्षी बघायला जाता त्या बेटावरचा.

निळा_खंड्या

इतकी वर्षं चोडणला जातोय, हे माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी होडीतून आलो की माशेलला जाईन.

प्रॅक्टिकल_माणूस

चर्चा छान, पण धागाकर्तीला बुधवारी सकाळी काय करायचं ते सांगा की.

वाटाड्या

सांगतो. सकाळी मगर, भरती_सुकती सरांच्या वेळेने. बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांना, हात आत. "मगर दाखवायची हमी" असं कुणी म्हणालं तर ती बोट नको. त्यानंतर कुळागर, तिथेच जेवण आणि आत्यांची वामकुक्षी. चार वाजता कवळे. मंगेशी जमली तर. बस्स.

कपडे मळखाऊ रंगाचे, पांढरे-लाल नकोत. गवतातून चाललात तर संध्याकाळी पायावर गोचीड बघा. सत्तरीकडे गेलात तर हे विसरूच नका, तिकडे माकडतापाचे रुग्ण झाले आहेत.

धनेशाबद्दल पोरीला खोटी आशा दाखवू नका. कुळागराच्या वरच्या अंगाला काजऱ्याचं किंवा वडा-उंबराचं फळलेलं झाड असेल तर येतात. काजरा आपल्याला विष, धनेश मजेत खातो. आला तर आला.

साखळीकर

सत्तरी राहिली, पण हा बेत मलाही पटला. पुढच्या खेपेला मात्र आमच्याकडे. वचन द्या.

पाणवठा

दिलं. टूरवाल्याला नाही म्हणून कळवलं. घरच्यांना अजून वाटतं, चर्च राहिली. मी म्हटलं, जुनं गोवें आपल्या हाताशी आहे. सर, तुम्हाला मेसेज केला आहे.

पाणवठा (साधारण सव्वा महिन्याने)

लग्न पार पडलं, घर रिकामं झालं, आज बसून लिहिते.

सव्वाआठला दुर्भाटच्या धक्क्यावर पोचलो. धुकं होतं. सरांनी बोटीत मोठ्या आत्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, दोरीने बांधून. बोट हाकणारे सरांचे चुलतभाऊ, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी इंजिन मध्येच बंद करून वल्हं हातात घेतलं. अर्धा तास काहीच नाही. नुसता उघडा चिखल आणि त्यावर निवट्या, बटबटीत डोळ्यांच्या, शेपटीवर उड्या मारत. एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे. भाचीने विचारलं, "हा मासा पाण्याबाहेर मरत नाही?" दादा म्हणाले, "बाय, अंग ओलं आसलें की जाता." (म्हणजे चालतं.) आणि मग त्यांनी नुसती हनुवटी वर केली. बोटाने दाखवलं नाही.

मला ओंडकाच वाटला. मग ओंडक्याला पिवळट तोंड दिसलं, उघडं, हलत नसलेलं. किती वेळ बघत होतो कोण जाणे. वहिनीने फोन काढला नाही. भाचीने वही काढली आणि चित्र काढायला लागली, पाठीवरच्या ओळी मोजून. मोठ्या आत्याने हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, बस गं निवांत." पुढे वळणावर आणखी एक, लहान. ती आम्हाला बघून पाण्यात गेली, आवाजसुद्धा न करता.

परत आल्यावर सरांनी बांधावर नेलं. अगदी थोडं चालायचं होतं, आत्या माझ्या आणि भावाच्या हाताला धरून आली. तिथे तीन दिवसांपूर्वीची मांगे होती. उन्हाने चिखल तडकला होता, झेंडू काळे पडलेले, पण शिंपल्या जागच्या जागी, ओळीने, आतून जांभळट. एका बाजूच्या चार गळून पडल्या होत्या. सर म्हणाले, भरतीचं पाणी, ऊन, पाऊस हळूहळू नेतं, कुणी काढून टाकत नाही. आत्याने पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. तिची ती डबी कायम असते, बसमध्येसुद्धा. वाकता येईना म्हणून भाचीच्या बोटाला कुंकू लावून दिलं आणि तिच्याकडून लावून घेतलं. भाचीने गळलेली एक शिंपली उचलली, सरांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली तेव्हा पुन्हा तिच्या जागी दाबून बसवली. चिखल वाळला होता, ती राहिना. दादांनी खाडीतून ओंजळभर ओला चिखल आणून दिला.

कुळागरात तिरफळताईंच्या ओळखीच्यांकडे जेवलो. सुमनताई, सगळी सोय होती, आत्या तासभर झोपली. खतखतें दोनदा घेतलं. पोफळीवरून पोफळीवर जाणारा माणूस बघून भावाने डोळे मिटून घेतले. शेकरू दिसलं, फणसावर, लांब शेपूट खाली सोडून. धनेशाचे फक्त पंख ऐकू आले, झाडांच्या वरून, जुन्या इंजिनासारखा आवाज. दिसला नाही. चार वाजता कवळ्याला गेलो. आत्या देवीसमोर बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढं पाणी ओलांडून आली गं." मंगेशी राहिली.

रात्री भाची झोपल्यावर मी तिची वही उघडली. मगरीपुढे लिहिलं होतं : "खऱ्या २, मातीची १." धनेशापुढे : "आवाज."

सर, दादा, वाटाड्या, तिरफळताई, सगळ्यांना देव बरें करूं.

निळा_खंड्या

"आवाज" हीसुद्धा नोंदच आहे. आम्ही पक्षीवाले तशीच धरतो, तिला सांगा.

वाटाड्या

वहिनीला विचारा, पोरीची परीक्षा कधी संपते. फेब्रुवारीपासून धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बंद करून घेते, आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. एक ढोली मला ठाऊक आहे. लांबूनच, झाडाआडून बघायची, अर्धा तास, मग परत. गुडघ्यांना चालेल अशी वाट आहे.

पाणवठा

विचारलं. परीक्षा १० एप्रिलला संपते. मोठी आत्या विचारते आहे, तिथे तिला खुर्ची नेता येईल का.

वाटाड्या

खुर्ची मी उचलतो.